गाजर गवताची अ‍ॅलर्जी नुसत्या मलमाने हटत नाही

पावसाचे पहिले दोन-तीन चांगले सडे पडले की नाशिक शहरात आणि जिल्ह्यात एक पीक न पेरता उगवते. गंगापूर कालव्याचा काठ, सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील रिकामे भूखंड, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडा, निफाड-दिंडोरीतील द्राक्षबागांचे बांध आणि शाळांची मैदाने गाजराच्या पाल्यासारख्या पानांनी भरून जातात. महिना-दीड महिन्यात त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी पांढरी फुले येतात. कोणी त्याला गाजर गवत म्हणते, कोणी काँग्रेस गवत, तर पुण्याकडे चटकचांदणी. जनावर सहसा त्याला तोंड लावत नाही आणि चुकून चाऱ्यात आलेच तर दुधाला कडवट चव येते.

या फुलोऱ्याच्या काळात त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात एका ठरावीक रूपाचा रुग्ण दिसू लागतो. वय बहुधा चाळीस ते साठ. काम शेतीचे, बागकामाचे किंवा उघड्यावरचे. पापण्या सुजलेल्या, कपाळाची आणि मानेची कातडी काळवंडून जाड झालेली, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत खाजवून खाजवून जखमा झालेल्या. सोबतच्या पिशवीत पाच-सहा मलमांच्या अर्धवट पिळलेल्या ट्यूब असतात. रात्रीची झोप गेलेली असते आणि घरचे लोक आजार पसरेल म्हणून टॉवेल वेगळा ठेवू लागलेले असतात.

हा आजार संसर्गजन्य नाही. रक्त ‘खराब’ झाल्याने किंवा अस्वच्छतेमुळेही तो होत नाही. ही गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे. तिच्यावर उपचार आहेत, पण तिचे कारण दवाखान्याबाहेर, मोकळ्या जागेवर वाढत असते. ते तसेच वाढू दिले तर डॉक्टरांची चिठ्ठी दर पावसाळ्यात नव्याने लिहावी लागते. म्हणून गाजर गवत हा केवळ कृषी खात्याचा विषय न राहता आरोग्य खात्याचाही व्हायला हवा.

पुण्यापासून सुरुवात

गाजर गवत मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे, मेक्सिकोच्या आखाताभोवतालच्या प्रदेशाचे. त्याचे शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. ते गवत म्हणून ओळखले जात असले तरी ते सूर्यफूल आणि शेवंतीच्या कुळातले झुडूप आहे. आपल्याकडे पुण्यात त्याची झाडे आढळल्याची नोंद वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढच्या दोन-तीन दशकांत ते महाराष्ट्रभर आणि नंतर देशभर पसरले.

अमेरिकेतून पीएल-४८० योजनेखाली आलेल्या गव्हाबरोबर हे बी आले, असे गावोगावी सांगितले जाते. ‘काँग्रेस गवत’ हे नावही त्या काळच्या सरकारवर टाकलेले खापर आहे, असे अनेक जण मानतात. मात्र भारताशी त्या योजनेचा करार ऑगस्ट १९५६ मध्ये झाला आणि पुण्यातील झाडे त्याआधीच दिसली होती. म्हणजे परदेशी धान्याबरोबर बी आले हे शक्य असले तरी सारा दोष त्या एका करारावर टाकणे तारखांच्या हिशेबात बसत नाही.

आरोग्याच्या दृष्टीने खरी कहाणी त्यानंतरची आहे. झाड पसरले आणि काही वर्षांत पुणे परिसरातील त्वचारोगतज्ज्ञांना चेहऱ्यावर व मानेवर चिवट इसब असलेले शेतकरी आणि मजूर दिसू लागले. पुण्याचे डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी तज्ज्ञांसोबत १९७४ मध्ये या आजारावर सविस्तर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यानंतर जगभरच्या त्वचारोगाच्या ग्रंथांत हा आजार पोहोचला. एका नव्या झाडाने एका प्रदेशाला नवा आजार दिला, आणि ते झाड व तो आजार यांचा संबंध महाराष्ट्रातील डॉक्टरांनी उलगडून दाखवला.

राखणदाराची चूक

अ‍ॅलर्जी म्हणजे काय हे कळले तर पुढच्या अनेक गोष्टी सोप्या होतात. रोगप्रतिकारक यंत्रणेचे काम जंतूंना ओळखून त्यांच्यावर तुटून पडण्याचे. परागकण, शेंगदाणा, औषध, झाडातला रस अशा स्वतःहून निरुपद्रवी असलेल्या गोष्टींनाही ती कधी कधी शत्रू समजते. मग नुकसान त्या वस्तूमुळे होत नाही, ते या यंत्रणेच्या हल्ल्यामुळे होते. चोर समजून राखणदाराने घरच्याच माणसावर काठी उगारावी, तसा हा प्रकार.

फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनी १९०२ मध्ये दाखवले की समुद्री जीवाच्या विषाची पहिली मात्रा पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी दिलेल्या अगदी थोड्या मात्रेने काही मिनिटांत मरू शकतो. या शोधासाठी रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ मध्ये ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द घडवला. पुढे १९६३ मध्ये गेल आणि कूम्ब्स यांनी अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार मांडले. आजही वैद्यकीय महाविद्यालयांत ते शिकवले जातात.

पहिला प्रकार तातडीचा. मधमाशीचा डंख, पेनिसिलिनचे इंजेक्शन किंवा कोळंबी यांनी काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. यामागे आयजीई नावाची प्रतिपिंडे असतात. दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे थेट शरीराच्या पेशींवर बसतात. चुकीच्या गटाचे रक्त चढवल्यावर जे होते ते याचे उदाहरण. तिसऱ्यात प्रतिपिंडे आणि परकी प्रथिने यांची गुठळी रक्तवाहिन्यांत व सांध्यांत अडकते. सर्पदंशावर घोड्याच्या रक्तापासून केलेली लस दिल्यानंतर काही रुग्णांना आठवड्या-दीड आठवड्याने ताप, पुरळ आणि सांधेदुखी होते, ती यामुळे. चौथा प्रकार मात्र संथ. त्यात प्रतिपिंडांचा संबंध नसतो, टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी कामाला लागतात आणि परिणाम दिसायला एक ते तीन दिवस लागतात. गाजर गवताचे त्वचेचे दुखणे या चौथ्या प्रकारातले आहे.

‘वीस वर्षे उपटतोय, आत्ताच कसे झाले?’

निदान सांगितल्यावर बहुतेक रुग्णांचा हाच प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. लहानपणापासून हातांनी उपटलेले गवत अचानक कसे बाधेल?

गाजर गवताच्या पाना-फुलांवरील बारीक लवेत पार्थेनिन नावाचे रसायन असते. त्याचा रेणू इतका छोटा असतो की प्रतिकारक यंत्रणेने एरवी त्याची दखलही घेतली नसती. पण त्वचेत शिरल्यावर तो तिथल्या प्रथिनांना घट्ट चिकटतो आणि आपलेच प्रथिन परके दिसू लागते. त्वचेत पहाऱ्यावर असलेल्या लँगरहॅन्स पेशी ही बदललेली खूण उचलून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात आणि तिथे टी-पेशींना तिची ओळख करून देतात. ओळख पटली की त्या टी-पेशींची संख्या वाढते आणि त्यांतल्या काही ‘स्मरणपेशी’ होऊन वर्षानुवर्षे शरीरात फिरत राहतात.

ही ओळख पहिल्या स्पर्शात होईलच असे नसते. कोणाला ती लवकर होते, कोणाला वीस वर्षांनी, अनेकांना कधीच होत नाही. पण एकदा झाली की पुढच्या थोड्याशा संपर्कानेही स्मरणपेशी जाग्या होतात आणि एक-दोन दिवसांत त्वचा लाल होऊन खाजू लागते. म्हणून ‘आजवर काही झाले नाही’ हा पुरावा उद्यासाठी उपयोगी पडत नाही. आज ज्याला त्रास नाही त्यानेही गवत उघड्या हाताने उपटू नये, यामागचे कारण हेच आहे.

दुसरी गैरसमजूत म्हणजे गवताला हात लावला तरच त्रास होतो. वाळलेल्या झाडाची लव, पानांचा चुरा आणि पराग वाऱ्याबरोबर उडतात आणि धुळीसारखे अंगावर बसतात. त्यामुळे बांधावर बसलेला, मोटारसायकलवरून जाणारा किंवा अंगणात झोपणारा माणूसही सुटत नाही. वाळलेले गवतही निर्धोक नसते, कारण त्यातले पार्थेनिन टिकून राहते.

ओळखायचे कसे?

हवेतून येणाऱ्या अ‍ॅलर्जीची एक खूण आहे. उन्हाने होणाऱ्या आजारात चेहऱ्याचे उघडे भाग लाल होतात, पण वरच्या पापण्या, हनुवटीखालची जागा आणि कानामागचा भाग सावलीत असल्याने बहुधा वाचतो. हवेतून धूळ बसते तेव्हा या झाकलेल्या जागाही सुटत नाहीत. पापण्या, कानामागची त्वचा, मानेच्या घड्या, कोपराची व गुडघ्याची लवण अशा घामाने ओल्या राहणाऱ्या ठिकाणी पराग अडकतात आणि तिथेच इसब फुलते. सुरुवातीच्या वर्षांत हे दुखणे पावसाळ्यात वाढते आणि थंडीत ओसरते. दुर्लक्ष झाले तर ते बारमाही होते. पुढे काही रुग्णांची त्वचा सूर्यप्रकाशालाच असह्य प्रतिसाद देऊ लागते. त्या टप्प्यावर गवतापासून दूर गेल्यानेही पुरता आराम पडत नाही. क्वचित सर्व अंगाची त्वचा लाल होऊन सोलली जाते आणि रुग्णाला दाखल करावे लागते.

जुनाट आजारात कपाळ आणि कानाच्या पाळ्या जाड होतात, चेहरा बदलतो. गावात मग कुष्ठरोगाची कुजबुज सुरू होते. न्हावी दाढी करायला कचरतो, लग्नसमारंभाचे निमंत्रण टळते. कुष्ठरोगाची शंका असेल तर ती तपासणीने दूर करता येते आणि कुष्ठरोगही पूर्ण बरा होतो, हे वेगळे. पण अ‍ॅलर्जीच्या रुग्णाला न झालेल्या रोगाची शिक्षा मिळू नये.

नाशिकमध्ये आणखी एक गोंधळ होतो. द्राक्षबागेत छाटणीपासून काढणीपर्यंत फवारण्या चालतात, त्यामुळे शेतकऱ्याचा पहिला संशय औषधांवर जातो. तो संशय अगदीच चुकीचा नाही, कारण काही कीटकनाशके व बुरशीनाशकेही त्वचेला बाधतात. खरे कारण ‘पॅच टेस्ट’ने कळते. संशयित पदार्थांचे सौम्य नमुने छोट्या चकत्यांत घालून पाठीवर चिकटवतात, दोन दिवसांनी काढतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी तपासतात. जिथे लाली आणि पुरळ, तो पदार्थ दोषी. या चाचणीला मोठे यंत्र लागत नाही. चिकटपट्ट्या, चकत्या, फ्रिजमध्ये ठेवलेले नमुने आणि वाचणारा प्रशिक्षित डोळा एवढे पुरते. भारतातील पॅच टेस्टच्या संचात पार्थेनियमचा समावेश असतो. राज्यातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात ही सोय नियमित असली पाहिजे, ही मागणी अवास्तव नाही. नेमके कारण कळले तर शेतकरी नको ती भीती आणि नको ते औषध दोन्ही टाळू शकतो.

मलमाचा सापळा

निदानाआधीची वर्षे बहुधा औषधाच्या दुकानात जातात. खाज सुटली की ‘एक चांगली ट्यूब द्या’ असे म्हणायचे आणि दुकानदाराने स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक एकत्र असलेले मलम काढून द्यायचे, ही सर्रास पद्धत आहे. पहिल्या चार दिवसांत खाज थांबते, म्हणून औषध लागू पडले असे वाटते. ट्यूब संपते, गवत तिथेच असते, खाज परत येते. मग आणखी तीव्र मलम. काही महिन्यांत चेहऱ्याची त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, मुरूम येतात आणि मलम थांबवले की आग होते. जोडीला नायटा असेल तर तो दबून पसरतो. डोळ्यांभोवती असे मलम दीर्घकाळ लावल्यास काचबिंदू व मोतीबिंदूचा धोका असतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत असा बदल केला. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने त्यासाठी बराच पाठपुरावा केला होता. नियम झाला, पण दुकानाच्या फळीवर तो कितपत पोहोचला हे कोणत्याही ग्राहकाला पडताळून पाहता येते. अन्न व औषध प्रशासनाने वर्षातून एकदा नव्हे तर गवताच्या मोसमात मुद्दाम तपासणी करावी.

याहून घातक आहे ती दर महिन्याची ‘सुई’. काही ठिकाणी खाजेवर दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते. रुग्णाला महिनाभर बरे वाटते आणि तो पुन्हा येतो. वर्षभरात साखर वाढते, रक्तदाब चढतो, हाडे ठिसूळ होतात, चेहरा सुजतो. आजार मात्र तिथेच राहतो.

स्टेरॉइड हे वाईट औषध नव्हे. योग्य तीव्रतेचे, योग्य जागी, मोजक्या दिवसांसाठी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरले तर ते भडकलेले इसब लवकर शमवते. वारंवार उफाळणाऱ्या आजारात अ‍ॅझाथायोप्रिनसारख्या गोळ्यांचा चांगला उपयोग होतो आणि त्यामुळे स्टेरॉइडची गरज कमी होते. या गोळ्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि त्या काळात रक्तपेशी व यकृत यांच्या तपासण्या ठरल्या वेळी कराव्याच लागतात. म्हणून शेजाऱ्याला लागू पडली म्हणून ती गोळी स्वतः सुरू करू नये.

रोजच्या काही सवयींनीही मोठा फरक पडतो. शेतात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याभोवती धुतलेला रुमाल आणि टोपी. परतल्यावर लगेच आंघोळ. शेतातले कपडे घरच्या कपड्यांपासून वेगळे धुणे. त्वचा कोरडी पडू न देता साधे मॉइश्चरायझर किंवा खोबरेल तेल लावणे. उन्हाचा त्रास असेल तर सनस्क्रीन. ज्यांना गाजर गवताची अ‍ॅलर्जी आहे त्यांच्यापैकी काहींना त्याच कुळातल्या शेवंतीने किंवा सूर्यफुलानेही त्रास होतो, हे फुलशेती करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

नाकातून शिरणारी अ‍ॅलर्जी

हेच झाड पहिल्या प्रकारची, म्हणजे तातडीची अ‍ॅलर्जीही घडवू शकते. बंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी १९९० च्या दशकात गाजर गवताच्या परागांमुळे होणाऱ्या नाकाच्या अ‍ॅलर्जीचा अभ्यास प्रसिद्ध केला. सकाळी शिंकांची सरबत्ती, वाहणारे नाक, डोळ्यांना खाज, आणि काहींना दमा. अशा रुग्णांत वारंवार ‘सर्दी झाली’ म्हणून प्रतिजैविके दिली जातात. त्यांचा काही उपयोग नसतो. ताप नाही, दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत त्रास होतो आणि डोळे-नाक खाजते, ही लक्षणे अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवतात. दमा असेल तर श्वासातून घेण्याचे औषध नियमित घ्यावे. पंप घेतल्याने ‘सवय लागते’ ही समजूत चुकीची आहे.

एक सावधगिरी मात्र कोणत्याही अ‍ॅलर्जीबाबत लक्षात ठेवलीच पाहिजे. डंख, औषध किंवा अन्न यानंतर काही मिनिटांत अंगभर गांधी, जीभ किंवा घसा सुजणे, श्वास घ्यायला त्रास, चक्कर यांपैकी लक्षणे एकत्र दिसली तर ती जीवघेणी अवस्था असू शकते. अशा वेळी अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट पाहू नये. रुग्णाला आडवे झोपवून पाय उंच करावेत, श्वास लागत असेल तर टेकून बसू द्यावे, त्याला चालायला लावू नये आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. या अवस्थेचे पहिले औषध म्हणजे मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रिनलिन. ते स्वस्त आहे आणि ते देण्यास लागलेला उशीरच अनेकदा जीव घेतो. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रापासून खासगी दवाखान्यापर्यंत, जिथे इंजेक्शन दिले जाते तिथे ते हाताशी असलेच पाहिजे.

गवत काढायचे, पण कसे?

एका मोठ्या झाडाला पंधरा ते पंचवीस हजारांपर्यंत बिया येऊ शकतात. बी हलके असते. पाणी, वारा, गाडीची चाके, मुरूम आणि शेणखत यांबरोबर ते पसरते आणि मातीखाली गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. म्हणून एकदा उपटून काम संपत नाही, आणि वेळ चुकली तर केलेले श्रमही उलटतात. फुलावर आलेले किंवा बी धरलेले गवत ओढले की बी तिथेच सांडते आणि पराग उपटणाऱ्याच्या अंगावर पडतात.

योग्य वेळ फुलोऱ्याआधीची, पावसाने माती ओली असतानाची. मुळासकट उपटावे, नुसते कापले तर ते पुन्हा फुटते. फुले नसलेल्या गवताचे कंपोस्ट खत करता येते. फुलावर आलेले खतात टाकू नये. वाळलेले ढीग वस्तीजवळ पेटवू नयेत, कारण धुराबरोबर उडणारा चुरा दम्याच्या आणि अ‍ॅलर्जीच्या रुग्णांना त्रास देतो. पडीक जागेवर टाकळ्याचे बी पेरले तर ते दाट वाढून गाजर गवताला जागा देत नाही. मेक्सिकन भुंगा हा आणखी एक मित्र. बंगळुरूच्या उद्यानविद्या संशोधन संस्थेने १९८३ मध्ये तो मेक्सिकोहून आणला. भुंगा आणि त्याची अळी दोन्ही गाजर गवताची पाने फस्त करतात. पावसाळ्यात तो जोमाने काम करतो आणि नंतर पुढच्या पावसापर्यंत मातीत दडून बसतो. एका मोसमात त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये, पण जिथे तो स्थिरावला तिथे गवताचा जोर कमी होतो.

उपटणाऱ्यांचे काय, हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाच्या पुढाकाराने दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या निमित्ताने शाळा-महाविद्यालयांतून श्रमदान होते, छायाचित्रे छापून येतात. त्या छायाचित्रांत मुलांचे हात बहुधा उघडे असतात. महापालिकेच्या आणि ग्रामपंचायतीच्या सफाई कामगारांची स्थिती तर रोजचीच. लांब हातमोजे, पूर्ण बाह्या, नाका-तोंडावर मास्क आणि काम संपल्यावर हात-तोंड धुण्यासाठी साबण-पाणी एवढे दिल्याशिवाय कोणालाही या कामाला लावू नये. दमा, इसब किंवा जुनी अ‍ॅलर्जी असलेल्या विद्यार्थ्याला आणि कामगाराला यातून वगळावे. आजार हटवण्याच्या मोहिमेत नवे रुग्ण तयार होणे परवडणारे नाही.

जबाबदारी वाटून घ्यावी लागेल

शेतकरी आपले शेत स्वच्छ ठेवतो, कारण तिथे त्याचे पीक असते. गाजर गवत माजते ते ज्याचे कोणी नाही अशा जागेवर: रस्त्याची कड, कालव्याची भराव-पट्टी, रेल्वेची हद्द, न बांधलेला भूखंड, सरकारी आवार. या जागांचे मालक कागदावर असतात. सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा, महामार्ग, रेल्वे, औद्योगिक विकास महामंडळ, महापालिका आणि गुंतवणूक म्हणून भूखंड घेऊन ठेवणारे नागरिक. प्रत्येकाने आपल्या हद्दीतले गवत जुलै-ऑगस्टमध्ये, फुलोऱ्याआधी काढले तर खर्च थोडा येतो. ऑक्टोबरमध्ये काढले तर खर्च तोच येतो, उपयोग मात्र होत नाही. शेजारच्या कर्नाटकाने १९७५ मध्येच गाजर गवताला कायद्याने उपद्रवी तण ठरवले. तिथले गवत त्यामुळे संपले नाही. कायद्याला ठरलेला महिना, ठरलेला अधिकारी आणि ठरलेला निधी यांची जोड लागते, हाच त्यातला धडा आहे.

नाशिकला हे काम आत्ताच हाती घ्यायला आणखी एक कारण आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट आणि साधुग्रामच्या जमिनींवर मोठी कामे होत आहेत. उकरलेली, सपाट केलेली आणि मोकळी सोडलेली माती ही गाजर गवताची सर्वांत आवडती जागा. मुरमाच्या गाड्यांबरोबर बीही फिरते. कामाच्या निविदेतच ‘उकरलेल्या जागेवरील गाजर गवत फुलोऱ्याआधी काढणे’ ही अट घातली तर लाखो भाविकांच्या आणि इथल्या रहिवाशांच्या नाका-त्वचेवर उपकार होतील.

आरोग्य खात्याने आपल्या बाजूने तीन गोष्टी कराव्यात. जिल्हा रुग्णालयांत पॅच टेस्टची सोय, ग्रामीण रुग्णालयांतील डॉक्टरांना हा आजार ओळखण्याचे प्रशिक्षण, आणि रुग्णांची गावनिहाय नोंद. कोणत्या गावातून जास्त रुग्ण येतात हे कळले तर गवत आधी कुठे काढायचे हेही कळेल. डेंग्यूचा रुग्ण सापडला की आरोग्य कर्मचारी त्याच्या घराभोवतीचे साचलेले पाणी पाहायला जातात. गाजर गवताचा रुग्ण सापडल्यावर त्याच्या वस्तीभोवतीचे गवत पाहायला मात्र अजून कोणी जात नाही.

रोगप्रतिकारक यंत्रणेची आठवण पुसून टाकणारे औषध आज उपलब्ध नाही. एकदा अ‍ॅलर्जी झालेल्या शेतकऱ्याला ती पुढे बहुधा जन्मभर सांभाळावी लागते. त्याला ‘गाव सोडा, शेती सोडा’ असे सांगणे सोपे आहे, पण त्याला ते शक्य नसते. म्हणून त्याच्याऐवजी गवताला बांधावरून हलवणे भाग आहे. ते काम पहिल्या पावसानंतरच्या सहा आठवड्यांत होते किंवा त्या वर्षी होतच नाही.